टॉर्क रेंच पुजायला ठेवलाय का?

ये, बस. मोबाईल खाली ठेव आणि हे दोन बोल्ट हातात घे.

ओळखलेस? ओळखायलाच हवेत, तुझ्याच हातचे आहेत. गेल्या आठवड्यात घाटात ज्या गाडीचं इंजिन जाम झालं, तिच्या ऑइल पंपाच्या झाकणावरचे. हे काढायला मला पाना लागला नाही. बोटांनी फिरले. तिसऱ्याचे आटे गेले होते आणि तिथे तू सिलिकॉन भरून ठेवलं होतंस. चौथा इतका आवळला होतास की उलटा फिरवताच मानेतून तुटला. एक झाकण, एकच फिटर, आणि एकाच दुपारी सैल, घट्ट, तुटका सगळे प्रकार. याला काम म्हणायचं का?

आणि तू मला काय सांगितलंस? "सर, पंपच डुप्लिकेट निघाला." मी फिलर गेज घेऊन बसलो. रोटर मोजला, बॉडी मोजली. सगळं मापात होतं. पंपानं तुला दगा दिला नाही. तू पंपाला दिलास.

तो ड्रायव्हर तुझ्याकडे आधी आला होता ना? "गरम झाली की न्यूट्रलला ऑइलचा दिवा लुकलुकतो," असं म्हणाला होता ना? तेव्हा तू काय केलंस? सेन्सर बदलून त्याला वाटेला लावलंस. तो दिवा कधी लागतो हे तुला माहीत आहे. दाब साधारण अर्ध्या बारच्या खाली घसरला की लागतो. म्हणजे तेव्हा बेअरिंगपाशी तेल जवळजवळ पोचतच नव्हतं. दिवा खरं सांगत होता. सेन्सरच्या जागी यांत्रिक गेज लावून दाब बघायला किती वेळ लागतो? दहा मिनिटं. पण गेज लावलं असतं तर काटा खाली दिसला असता, आणि मग आपलंच काम पुन्हा खोलावं लागलं असतं. तुला ते बघायचंच नव्हतं. माणूस डोळे मिटून घेतो तेव्हा त्याला आतून सगळं माहीत असतं. तुलाही होतं.

तुला येत नसतं तर मी इतकं बोललो नसतो. न येणाऱ्याला शिकवतात, त्याला झापत नाहीत. तुला येतं, म्हणून माझा जीव जळतो. आयटीआयत तुझा जॉब मी इतर पोरांना दाखवायला ठेवत असे. गुण्या लावून उजेडाकडे धरला तरी फट दिसत नसे. मग तू तीन वर्षं चाकणला इंजिनाच्या लाइनवर काढलीस. तिथे किती बोल्ट आवळलेस? हजारो. एक तरी चुकला का? नाही.

का नाही चुकला, याचा कधी विचार केलास? तिथे वरून लटकलेलं विजेचं टूल होतं. ठरलेला टॉर्क झाला की ते आपोआप थांबत होतं. बोल्ट मोजले जात होते. एक राहिला तर हिरवा दिवा लागत नव्हता आणि इंजिन पुढे सरकत नव्हतं. आता इथे रावेतला तुझं स्वतःचं गॅरेज आहे, तुझ्या नावाची पाटी आहे आणि वर हिरवा दिवा नाही. लगेच हात सुटला. मग मला सांग, चाकणला शिस्त तुझी होती की त्या दिव्याची? कोणी बघत नसताना जो बोल्ट बरोबर आवळला जातो, तेवढंच तुझं कसब. बाकीचं कंपनीचं होतं. ते तू गेटवर ओळखपत्राबरोबर जमा करून आलास.

ती भिंतीवरची निळी पेटी काढ. उघड. टॉर्क रेंच आहे ना आत? त्यावर हळदकुंकवाचा डाग आहे. खंडेनवमीला तू त्याची पूजा केलीस, फूल वाहिलंस, नमस्कार केलास. चांगलं केलंस. त्यानंतर किती वेळा हातात घेतलास? खरं बोल. वर्षातून एक दिवस हत्याराला नमस्कार करायचा आणि उरलेले दिवस ते पेटीत कोंडून ठेवायचं, ही कसली पूजा? हत्याराची पूजा ते वापरून होते.

"सर, हाताला अंदाज आहे." हे वाक्य मला पुन्हा ऐकवू नकोस. तुझ्या हाताला काय अंदाज आहे ते बघू. पंपाच्या झाकणाचा सहा मिलिमीटरचा बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरवर बसतो. तुझं अर्ध्या इंचाचं रॅचेट पाव मीटर लांब. म्हणजे त्याच्या टोकाला जोर किती द्यायचा? चार किलोचा. फक्त चार किलो! आणि तू दिवसभर काय करतोस? त्याच हातानं चाकाचे नट सोडतोस, सस्पेन्शनचे गंजलेले बोल्ट हलवतोस, गिअरबॉक्स छातीवर घेऊन उतरवतोस. दिवसभर वीस-तीस किलोचा जोर लावणाऱ्या हाताला संध्याकाळी सहा वाजता चार किलो कळणार? तो सहाचा बोल्ट पंधरा-वीस न्यूटन-मीटरच्या आसपास जीव सोडतो. तुझ्या मनगटाला दहा आणि वीसमधला फरक कळायच्या आत बोल्ट ताणून गेलेला असतो. वर भोक ॲल्युमिनियमचं. बोल्ट पोलादाचा, आटे मऊ धातूत. आधी कोण हार मानणार?

दुसरं. तू या बोल्टला काय म्हणतोस? "दहाचा." सगळी गॅरेजं म्हणतात, कारण डोक्याला दहाचा पाना लागतो. पण बोल्ट सहाचा आहे. गेल्या वर्षी तुझ्या हेल्परनं मोबाईलवर टॉर्कचा तक्ता काढला आणि दहाच्या बोल्टसमोरचा आकडा वाचला. तो पंचेचाळिसाच्या पुढचा असतो. साडेचार पट! बोल्ट तुटला आणि तू पोराच्या अंगावर ओरडलास. चूक कोणाची? नाव शिकवलंस पण माप शिकवलं नाहीस, मग पोरगं काय करणार? व्यास दांड्याचा मोजायचा, डोक्याचा नाही. त्याच्या हातात व्हर्निअर दे. आणि एकक वाचायला शिकव. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात. तिथला एक म्हणजे इथले जवळजवळ दहा. या एका घोटाळ्यानं किती हाउसिंग तडकली असतील, विचार कर.

तिसरं. "घट्ट तर घट्ट, सैल तर नाही ना!" हे कुठल्या शाळेत शिकलास? माझ्या नक्कीच नाही. बोल्ट म्हणजे स्प्रिंग, हे मी फळ्यावर किती वेळा काढून दाखवलंय! आवळला की तो किंचित ताणला जातो, आणि ताणलेला असतो म्हणून दोन भागांना धरून ठेवतो. जास्त ओढलास तर ताण परत येत नाही. बोल्ट लांबतो, पकड जाते, आणि चार दिवसांनी तोच घट्ट बोल्ट सैल होतो. झाकणाचे बोल्ट एका बाजूनं ओळीनं आवळलेस तर झाकण वाकतं. म्हणून समोरासमोर, एकाआड एक, दोन-तीन टप्प्यांत. आधी सगळे बोटांनी बसव, मग निम्म्या टॉर्कवर, मग पुऱ्या. हे तुला पाठ आहे. परीक्षेत लिहिलं होतंस. वहीतलं हातात कधी उतरणार?

झाकण केसभर उचललं तर काय बिघडतं, असं वाटतं ना? ऐक. रोटर आणि झाकण यांच्यामधली फट मिलिमीटरच्या शतांशात मोजतात. झाकण तेवढंच आणखी उचललं की फट दुप्पट होते. आणि फटीतून गळणारं तेल तिच्या घनाच्या हिशोबानं वाढतं. फट दुप्पट, गळती आठपट. पंप तेल पुढे ढकलतो आणि तेच तेल झाकणाखालून पुन्हा मागे येतं. थंड असताना तेल जाड असतं म्हणून दाब दिसतो, तुझ्या दारात गाडी छान चालते आणि गिऱ्हाईक पैसे देऊन जातं. ते तेल घाटात तापून पातळ होतं. मग तुझं काम उघडं पडतं. दिवा लुकलुकतो, बेअरिंग घासतं, कनेक्टिंग रॉड ठोकायला लागतो आणि क्रँक जाम होतो. गाडी बंद पडते ती तुझ्या दारात नाही. चढावर, मागून ट्रक येत असताना, पोरंबाळं मागच्या सीटवर असताना.

आणि ही गाडी कुठली होती? तेच फियाटच्या आराखड्याचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन. आपल्याच जिल्ह्यात, रांजणगावच्या कारखान्यातही बनलेलं. किती कंपन्यांच्या किती गाड्यांत ते बसलं! तू ते शेकडो वेळा उघडलंयस. त्याचा ऑइल पंप पुढच्या टायमिंग कव्हरमध्ये असतो आणि थेट क्रँकवर फिरतो. तिथे पोचायला चेंबर उतरवा, पुली काढा, कव्हर काढा. टायमिंग चेनचा टेन्शनरही तेलाच्याच दाबावर उभा. दाब गेला की चेन सैल पडते, आणि चेननं दात सोडला की व्हॉल्व्हसुद्धा जातात. ज्या जागी पुन्हा हात घालायला एवढी तोडफोड करावी लागते, त्या जागी तू अंदाजानं बोल्ट मारतोस?

तुझ्या गॅरेजपासून पवनेवरचा रावेतचा बंधारा किती लांब आहे? रोज त्या रस्त्यानं येतोस. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून तिथवर येतं, तिथे उपसतात, निगडीला सेक्टर २३ मधल्या जलशुद्धीकरण केंद्रात नेतात आणि मग ते पिंपरी-चिंचवड शहराला मिळतं. २०११ च्या जनगणनेत या शहरात सतरा लाखांवर माणसं होती, आता त्याहून कितीतरी जास्त. तो उपसा एक दिवस थांबला की काय होतं ते तू बघितलंयस. नदी भरून वाहत असते आणि तुझ्या घरी नळ कोरडा असतो. इंजिनाचं अगदी तेच. चेंबर तेलानं भरलंय, डिपस्टिक खुणेवर आहे, आणि वर बेअरिंग कोरडं पडलंय, कारण मधला पंप झाकणाखालून गळतोय. तुझ्या घरी दोन तास पाणी आलं नाही तर तू नगरसेवकाला फोन लावतोस. इंजिनानं कोणाला लावायचा?

आता म्हणशील, "सर, त्या दिवशी टॉर्क रेंच मारला होता." कुठला? हा निळ्या पेटीतला? यावर काय लिहिलंय, वाच. ४० ते २००. चाळीसच्या खाली याच्यावर खूणच नाही, मग त्यावर दहा लावलेस कसे? पाना क्लिक करायची वाट बघत राहिलास आणि क्लिक व्हायच्या आत आटे निघून आले. तोच तो तिसरा बोल्ट ना? सोनाराच्या वजनासाठी कोणी कोळशाचा काटा वापरतो का? छोट्या बोल्टला छोटा रेंच लागतो, पाच ते पंचवीसचा. तो तुझ्याकडे नाही. दुकानाबाहेर रंगीत दिव्यांची पाटी आहे, मोठा स्पीकर आहे, पण हा नाही. त्या घाटातल्या इंजिनाचा खर्च तू भरणार आहेस. त्यात असे किती रेंच आले असते, कागदावर मांड.

आणि हा मोठा रेंच कोणत्या आकड्यावर ठेवलाय? एकशे दहावर. महिनोनमहिने त्याची स्प्रिंग दाबून ठेवलीस. काम झालं की खालच्या खुणेवर आणायचा, हे कोणी सांगितलं नव्हतं का? मीच सांगितलं होतं. शेवटचं कॅलिब्रेशन कधी केलंस? वर्षातून एकदा, नाहीतर पाच हजार क्लिकनंतर, असा नियम आहे. भोसरी-चिंचवडला प्रयोगशाळा आहेत, सकाळी जाऊन येता येतं. खाली पडलेला, तपासणी न झालेला रेंच खोटं बोलतो, आणि आकडा दाखवून बोलतो, म्हणून जास्त घातक.

रेंच बरोबर असला तरी काम संपत नाही. टॉर्क शंभर रुपये धर. त्यातले पन्नासच्या आसपास बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातात, चाळीसच्या आसपास आट्यांच्या घर्षणात. पकडीसाठी उरतात जेमतेम दहा. आट्यात घाण असली, जुनं सिलिकॉन असलं, तर ते दहाही तिथेच खर्च होतात. रेंच क्लिक करतो आणि झाकण धरलेलंच नसतं. उलट, जिथे कोरडे आटे सांगितलेत तिथे तू तेल लावलंस, तर घर्षण घटतं आणि त्याच टॉर्कवर पकड तिसरा हिस्सा वाढते. म्हणून मॅन्युअलमध्ये कोरडं लिहिलं तर कोरडं, तेल लिहिलं तर तेल. बंद तळाच्या भोकात तेल साचलेलं राहिलं तर? बोल्ट ते खाली दाबतो, तेल दबत नाही आणि हाउसिंग तडकतं. भोकात हवा मारायला किती सेकंद लागतात रे? कॉम्प्रेसर तुझ्या मागेच आहे.

सिलिकॉनचा तुला एवढा लळा का? जिथे गॅस्केट हवी तिथे गॅस्केट. जिथे धातूला धातू लागायला हवा तिथे काहीच नको. बाहेर ओघळ दिसतो तेवढाच आतही जातो, तो सुटून स्ट्रेनरच्या जाळीत अडकतो, आणि पंप बिचारा उपाशी राहतो. आटे गेले तर हेलिकॉइल बसव. गेलेल्या आट्यांवर सिलिकॉन भरणं म्हणजे गळक्या छपराला आतून रंग देणं.

"वेळ नव्हता. गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं." होतं ना. म्हणून मी हिशोब केला. आटे पुसणं, हवा मारणं, टप्प्याटप्प्यानं आवळणं, प्रत्येकावर रंगाची खूण करणं, सगळं धरून पंधरा मिनिटं. ती तू वाचवलीस. आता इंजिन खाली उतरवून तीन दिवस झाले, क्रँक ग्राइंडिंगला गेलाय, आणि तो ड्रायव्हर रोज सकाळी येऊन दाराशी उभा राहतो. गाडीचा हप्ता थांबत नाही, त्याचं घर थांबत नाही. तो तुला काही बोलत नाही, म्हणून तुला बरं वाटतं का? मला त्याच्या गप्प बसण्याचीच जास्त लाज वाटते. माझा विद्यार्थी म्हणून मी तुझं नाव त्याला सांगितलं होतं.

अनुभवाचा तोरा मिरवू नकोस. १० जून १९९० ला बर्मिंगहॅमहून निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची कॉकपिटची काच सतरा हजार फुटांवर उडाली. कॅप्टन अर्धा बाहेर खेचला गेला. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकानं विमान साउथँप्टनला उतरवलं, म्हणून तो वाचला. काच उडाली कशी? आदल्या दिवशी ती बदलली होती. नव्वद बोल्टांपैकी ८४ बोल्ट जाडीला पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमी फरकानं बारीक होते, उरलेले सहा आखूड होते. बसवणारा शिकाऊ नव्हता, अनुभवी होता, कामाचा चोख म्हणून ओळखला जाणारा. त्यानं जुना बोल्ट शेजारी धरून नजरेनं जुळवला आणि पुस्तक उघडलं नाही. त्याचाही अंदाज होता. तुझ्यापेक्षा मोठा.

तू कुठे बसला आहेस याचं तरी भान ठेव. हा पिंपरी-चिंचवडचा पट्टा आहे. १९९८ साली इंडिका याच पिंपरीतून बाहेर पडली, आपल्या देशात आराखडा झालेली गाडी म्हणून सगळ्या देशानं तिच्याकडे बघितलं. आकुर्डी, भोसरी, चाकण, जिकडे दगड मारशील तिकडे मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस भेटेल. तुझ्या गल्लीतली निम्मी घरं मापावर पोट भरतात. आणि त्या गल्लीच्या तोंडाशी तू अंदाजानं इंजिन जोडतोस. शोभतं का?

आता ऐक, आणि या वेळी नुसती मान डोलावू नकोस. उद्या सकाळी आधी छोटा टॉर्क रेंच आण. मोठा कॅलिब्रेशनला टाक. मॅन्युअलचं पान छापून भिंतीवर लाव, टॉर्कचा आकडा तिथे बघायचा, मोबाईलवर कोणीतरी टाकलेला नाही. पंपाचे बोल्ट नवे घे. रोटरची फट फिलर गेजनं मोज आणि वहीत लिही. सगळे आवळून झाल्यावर पंप हातानं फिरव. अडला तर पुन्हा खोल, जोर करू नकोस. पंपात तेल भरून मग बसव, कोरडा पंप तेल ओढत नाही. स्टार्ट करण्याआधी इंधन बंद ठेवून क्रँक फिरव, दिवा विझेपर्यंत. मग यांत्रिक गेज लाव, इंजिन पूर्ण तापू दे आणि न्यूट्रलला काटा कुठे थांबतो ते स्वतः बघ. तो आकडाही वहीत लिही आणि त्या ड्रायव्हरला दाखव. आणि हे सगळं हेल्परला शेजारी उभं करून कर. तो तुझ्याकडे बघून शिकतोय. तू आज जे ढकलशील, ते तो आयुष्यभर ढकलत राहील, आणि त्याच्या हाताखालची पोरंसुद्धा.

हे दोन बोल्ट मात्र फेकू नकोस. ती निळी पेटी जिथे टांगली होतीस, त्या खिळ्याला हे बांधून ठेव, आणि रेंच खाली काढून हाताशी घे. इंजिन जोडायला बसशील तेव्हा त्यांच्याकडे बघ.

तुझे हात चांगले आहेत. मी घडवलेत, मला माहीत आहे. ते अंदाजाच्या हवाली करू नकोस. ऊठ, आता कामाला लाग. ड्रायव्हर दाराशी उभा आहे.